नांदूर मधमेश्वर : गाळातील श्रीशिल्लक

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत एक बंधारा बांधण्यात आला. पाणी अडवावे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी येवला, कोपरगावकडील शेतीला पुरवावे, हा त्यामागील हेतू. मात्र दोन्ही नद्यांनी पाण्याबरोबर मातीही आणली. ती बंधाऱ्याआड साचत गेली. जलाशय उथळ झाला, मधूनमधून बेटे वर आली, काठाने पाणवनस्पती माजल्या. जितका गाळ अधिक, तितका पाणीसाठा कमी. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा निव्वळ घसारा. परंतु याच गाळावर पक्ष्यांनी आपली पेढी थाटली. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजेच आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली.

यंदाच्या जानेवारीत आम्ही चौदा जणांनी येथे पूर्ण दिवस काढला. बहुतेक मंडळी व्यापारी, दोन गृहिणी, तीन शाळकरी मुले आणि मी. नाशिकहून पहाटे निघून चापडगावला पोहोचलो, तेव्हा पाण्यावर धुके होते. सोबतीला गावातीलच एक तरुण मार्गदर्शक होता. उसाच्या शेतांच्या कडेने, काठाकाठाने चालायचे, मनोऱ्यावर थांबायचे, दिसेल ते वहीत टिपायचे, असा क्रम ठरला.

धुके विरले आणि प्रथम वारकरी दिसले. काळे अंग आणि कपाळी पांढरा टिळा. हे नाव ज्याने दिले त्याची नजर खरोखर मराठी. पुढे पाण्याची खोली बदलेल तसे गिऱ्हाईक बदलत गेले. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे. त्याहून थोडे आत चमचे, आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत. थापट्या बदके रुंद चोचीने पाणी गाळून अन्न टिपत होती. तलवार बदके डोके बुडवून, शेपटी आकाशाकडे करून तळ चाळत होती. गवतात जांभळ्या पाणकोंबड्या होत्या. एकाच बाजारपेठेत किराणा, कापड, भांडी अशी निरनिराळी दुकाने असावीत आणि कोणी कोणाचे गिऱ्हाईक पळवू नये, असा तो व्यवहार होता.

दुपारी दूरच्या बेटावर पट्टकदंबांचा थवा विसावलेला दिसला. हिमालय ओलांडून येणारे हे हंस. डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांवरून ओळख पटते. शेजारी चक्रवाकांची जोडी होती. लडाखसारख्या उंच प्रदेशात वीण करणारे हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात. आमच्यातील एका मुलाने आणखी एक मोठा पक्षी पाहिला, पण तो नीट दिसण्याआधीच गवताआड गेला. मार्गदर्शक म्हणाला, “खात्री नाही ना बाळा, मग नको लिहूस.” सही पटल्याशिवाय धनादेश पुढे न पाठविण्यात माझी हयात गेली, मला हा नियम फार आवडला.

आमच्यातील एका धान्य व्यापाऱ्यांनी त्याला विचारले, “दादा, सगळा गाळ काढला तर पाणी वाढेल ना?”

“वाढेल की, काका. पण मग हे उभे कुठे राहतील? आताही वरून पाणी सोडलं, पातळी हातभर चढली, की काठावरचे सगळे उठतात.”

या उत्तरावर बराच वेळ चर्चा झाली. वरच्या अंगाच्या गंगापूर, दारणा या धरणांतून येथे पाणी येते आणि कालव्यांतून पुढे जाते. शेतकऱ्याला आवर्तन वेळेवर हवे आणि त्याची ही मागणी रास्तच आहे. पक्ष्यांना मात्र हिवाळ्यात उथळ, संथ पाणी हवे. दोघांची नावे एकाच खात्यावर आहेत. पैकी एकालाच अर्ज करता येतो. म्हणून गाळ काढायचा झाल्यास कोठला आणि किती, पाणी सोडायचे झाल्यास एकदम की हळूहळू, हे ठरविताना दुसऱ्या खातेदाराचीही आठवण ठेवली पाहिजे. माणूस आणि पक्षी यांत निवड करण्याचा हा प्रश्न नाही. वाटपाचा आहे, आणि वाटप नीट करणे आपल्या व्यापारी घरांना शिकवावे लागत नाही.

वाचकांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान मुलांसह अवश्य जावे. भडक कपडे नकोत, मोठ्याने बोलणे नको, पक्ष्यांना खाऊ टाकणे नको. दुर्बीण आणि एक कोरी वही मात्र हवी. मुलांना स्वतः मोजू द्यावे, आणि खात्रीचे तेवढेच लिहावयास सांगावे.