अडतीस रुपयांचा एल्बो

आमच्या फैजपुरात धाब्याची घरे होती तेव्हा गळतीचा प्रश्न फार सोपा होता. पाणी वरून यायचे, आणि वरून येणाऱ्या पाण्याचा मालक एकच. त्याच्यावर फिर्याद कोण करणार? आजी गळतीखाली घमेले ठेवी, मेघराजाला दोन शब्द सुनावी आणि मोकळी होई. आता स्लॅब आले, पाणी भिंतीच्या पोटातून फिरू लागले. पण घर भिजले की आपण जुन्या सवयीने नशिबालाच बोल लावतो.

गेल्या माघात आम्ही लग्नाला बऱ्हाणपुरास गेलो होतो. दोन दिवसांनी परतलो तो उंबऱ्यातच पावले भिजली. भिंतीतल्या सीपीव्हीसी पाइपाचा एल्बो चिरला होता आणि गच्चीवरची सबंध टाकी घरात उतरली होती. गिलावा सुटला, लाकडी कपाट फुगले, सौ.च्या आईने शिवलेल्या गोधड्या कुजल्या. त्याच कपाटात माझ्या नव्या कादंबरीची सात प्रकरणे होती, शाईने लिहिलेली. आता तो नुसता निळा लगदा आहे. (एल्बोने मराठी साहित्यावर उपकारच केले असे म्हणणारे टीकाकार निघतील, ते निराळे.)

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "गुरुजी, नवा एल्बो फुकट देतो." किंमत अडतीस रुपये! भिंत, कपाट, गोधड्या यांचा त्याच्या हिशेबात पत्ताच नव्हता.

कायद्याचा हिशेब नेमका उलटा आहे, हे जळगावच्या एका वकील स्नेह्याने मला समजावले. स्कॉटलंडातील पेस्ली गावी 1928 साली एका बाईला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली घेऊन दिली. तीत मेलेली गोगलगाय निघाली, असे बाईचे म्हणणे. बाटली तिने विकत घेतलेली नव्हती, कारखानदाराशी तिचा कसलाही करार नव्हता. तरीही 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की, माल वापरणाऱ्याची काळजी घेणे हे तो बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे. ही गोष्ट आपल्याकडे गोगलगायीच्याच गतीने आली. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. आणि जुलै 2020 मध्ये अमलात आलेल्या 2019 च्या नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्वा'वर एक स्वतंत्र प्रकरणच आले.

सदोष वस्तूमुळे आपल्या इतर मालमत्तेचे जे नुकसान होते, त्याची भरपाई कारखानदाराकडे, आणि काही परिस्थितींत विक्रेत्याकडेही, मागता येते. गंमत अशी की, त्या हानीत खुद्द ती वस्तू धरीत नाहीत. म्हणजे दुकानदार जे अडतीस रुपये देऊ करीत होता, तेवढेच काय ते या दाव्याच्या बाहेर! उलट, मालमत्तेच्या नुकसानीपायी झालेला मनस्ताप धरतात. माझी सात प्रकरणे मी त्या खात्यात मांडणार आहे.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आम्हाला ती जळगावला. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही.

खरी लढाई पुढेच आहे. कारखान्याचे पहिले उत्तर ठरलेले: "तुमच्या नळवाल्याने बसवताना चूक केली." मालाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाल्याचे दिसले तर कारखानदार सुटू शकतो. पण आमचा नळवाला माझाच जुना विद्यार्थी, आणि वर्गात दिसला नव्हता इतका हुशार. भिंत फोडताना त्याने आधी फोटो काढले, चिरलेला एल्बो दोन्हीकडच्या पाइपासकट कापून काढला आणि माझ्या हातात ठेवला. "गुरुजी, हा फेकू नका, अन् पुसूही नका." आयोगाला वाटले तर असा तुकडा प्रयोगशाळेत तपासायला जातो. सौ.ने तो बिलासह फराळाच्या जुन्या डब्यात ठेवला आहे.

अमेरिकेत पॉलिब्युटिलीनचे पाइप असेच घरोघर फुटले, तेव्हा लोक एकत्र झाले, आणि 1995 साली माल पुरवणाऱ्या कंपन्यांना 95 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्या कायद्यातही समान तक्रारीच्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येते. कारखान्याला नोटीस गेली आहे. आमच्या आळीतल्या आणखी दोन घरांत त्याच दुकानातला, त्याच महिन्यातला माल आहे. एकाच्या स्वयंपाकघरात ओल दिसू लागली आहे. ते शेजारी काल डब्यातला तुकडा पाहायला आले, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले, आणि जाताना त्यांनी वकिलांचा पत्ता लिहून घेतला.