वेण्णा तलावाजवळच्या दोन सकाळी

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलो. सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरचे हे गाव थंड असतेच. पण वेण्णा तलावाकाठचा सखल भाग त्याहून गार. बाजारपेठेत शालीवर भागते, तेव्हा इथे गवतावर आणि गाड्यांच्या टपावर दंव गोठून पांढरे हिमकण होतात. तलावाजवळच एका घरगुती निवासात आम्ही दोन रात्री उतरलो होतो.

पहिल्या दिवशी फज्रची नमाज अदा करून ऑर्थर सीट पॉइंटला जायचे ठरले. अब्बांनी बाहेर जाऊन गाडी सुरू करून ठेवली. त्यांची ही जुनी सवय. त्यांनी अनेक वर्षे पद्मिनी चालवली. चोक ओढायचा, इंजिन तापेपर्यंत थांबायचे, नाहीतर गाडी चार पावलांवर बंद पडायची. आत मुलांचे स्वेटर, अम्मीची शाल, थर्मासमधला चहा यांत पंधरा मिनिटे गेली. गाडी धडधडत होती आणि काटा जेमतेम हलला होता.

तेवढ्यात मागची खिडकी उघडली. घरमालकांची सून कडेवर तान्हे बाळ घेऊन उभी होती. “चाचा, गाडी बंद करता का? सगळा धूर आत येतोय, बाळ खोकतंय.” आमचा सायलेन्सर नेमका तिच्या खिडकीखाली होता. कुणी पाहिलेच नव्हते. अब्बांनी लगेच किल्ली फिरवली आणि म्हणाले, “माफ कर बेटी, आमचं लक्षच नव्हतं.”

शेजारी काच पुसत असलेले एक वयस्कर टॅक्सीवाले हसून म्हणाले, “भाईजान, आताच्या गाडीला एवढा वेळ लागतच नाही. अर्धा मिनिट बस्स. बाकी ती चालता चालता गरम होते.”

गोष्ट खरी आहे. कार्बोरेटरच्या गाडीला थंडीत पेट्रोल नीट मिळत नसे, म्हणून चोक लागे. 2000 च्या सुमारास नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले; आता पेट्रोल किती द्यायचे ते गाडीच ठरवते. ऑइल काही सेकंदांत सगळीकडे पोहोचते. उभ्या गाडीत इंजिनला काम नसते, म्हणून ते सावकाश तापते. तोवर पेट्रोल जास्त जाते आणि त्यातले थोडे न जळता ऑइलमध्ये उतरते. हळू चालवली, तर तीच गाडी पाच-दहा मिनिटांत तापते. काटा मध्यावर येईपर्यंत रेस वाढवायची नाही, एवढेच पथ्य. धूर साफ करणारे यंत्रही तापल्यावरच काम करते. म्हणजे थंड गाडीचा धूर सर्वांत वाईट. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद गॅरेजमध्ये तो जीव घेऊ शकतो.

ऑर्थर सीटवरून सावित्रीचे खोरे पाहताना अब्बा गप्पच होते. मग म्हणाले, “वजूचं पाणीसुद्धा वाया घालवू नये, असं आपण मुलांना शिकवतो. इथे पेट्रोल जाळलं ते जाळलं, वर शेजाऱ्याला त्रास दिला.” इस्राफ टाळा आणि शेजाऱ्याचा हक्क सांभाळा, हे आपण मजलिसीत नेहमी ऐकतो. प्रवासात दोन रात्रींपुरता भिंतीपलीकडे राहणाराही शेजारीच असतो, हे मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या सकाळी आम्ही आधी गाडी ढकलून खिडकीपासून दूर नेली. काचेवरचे दंव फडक्याने पुसले, सामान भरले, सगळे बसले आणि मग किल्ली फिरवली. अब्बांनी सफरची दुआ मोठ्याने म्हटली, मुलांनी मागून म्हटली. दुआ संपली आणि गाडी सावकाश निघाली. उतारावर इंजिनला काम कमी, म्हणून काटा हळू चढला. प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडे तो मध्यावर आला.

निघताना मागची खिडकी उघडी होती. बाळाला कडेवर घेऊन ती सून हात हलवत होती.