गावच्या हॉलमधली इलेक्शन ड्यूटी

भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये मत देता येतं असं सांगितलं की कऱ्हाडकडचे आमचे नातेवाईक अजूनही हसतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. पण ते खरं आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीरपणे राहत असेल तर तो कौन्सिलपासून पार्लमेंटपर्यंत सगळीकडे मत देऊ शकतो, आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर कौन्सिलला उभाही राहू शकतो. पलीकडच्या शेतावर कामाला असलेल्या लिथुएनियन बाईच्या नावापुढे मात्र यादीत ‘जी’ हे अक्षर असतं. म्हणजे कौन्सिलला मत, पार्लमेंटला नाही. माझ्या नावापुढे काहीच नाही. साम्राज्याने आपल्याकडून काय काय नेलं त्याचा हिशेब वेगळा, पण एवढं एक आपल्या पदरात पडलंय.

आम्ही राहतो तो मिड सफक जिल्हा, म्हणजे इथला डिस्ट्रिक्ट. स्टोमार्केट हे त्यातलं मोठं गाव, बाकी सगळी खेडी. गहू, बार्ली, शुगर बीट, आणि मे महिन्यात नजर पोचेल तिथवर रेप या तेलबियांची पिवळीधमक शेतं. या जिल्ह्याच्या कौन्सिलचं कार्यालय जिल्ह्यात नाही, हद्दीबाहेर इप्सविच शहरात आहे. तेही शेजारच्या बाबर्ग कौन्सिलशी वाटून घेतलेलं. कौन्सिलं दोन, नगरसेवकांचे संच दोन, अधिकारी मात्र तेच. हे कसं चालतं असं मी विचारलं तर कुणालाच त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

२०२३च्या ४ मेला कौन्सिलची निवडणूक होती आणि मतदान केंद्रांवर माणसं हवी होती, त्यातही बायका हव्या होत्या. २०२२च्या नव्या कायद्याने मतदाराला पहिल्यांदाच फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागणार होतं. एखादीने चेहरा झाकलेला असेल आणि तिला तो बाईसमोरच उघडायचा असेल, तर केंद्रावर बाई कर्मचारी असायला हवी. मी अर्ज केला. अट एवढीच की कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. ते सोपं होतं, कारण उमेदवार कोण आहेत हेच मला धड ठाऊक नव्हतं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. इलेक्शन ड्यूटीचं पत्र आलं की आमच्या घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरायची. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य वाटप, यादीशी ताडून एकेक पाकीट घ्यायचं, मग एसटीने केंद्रावर, शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून मुक्काम, डासांच्या संगतीत जागरण, आणि पहाटे पोलिंग एजंट दारात हजर. मी त्या तयारीने गेले. डब्यात दशम्या आणि लोणचं, पिशवीत जादा पेनं, दोऱ्याचं रीळ, टॉर्च.

केंद्र म्हणजे गावचा हॉल. सव्वासहाला पोचले तर बाहेर कुणीच नव्हतं. थोड्या वेळाने एक निळी छोटी मोटार आली. तिच्यातून केंद्राध्यक्ष उतरल्या, डिकी उघडली आणि मतपेटी बाहेर काढली. मतपत्रिकांचा गठ्ठा मागच्या सीटवर, त्यांच्या रेनकोटाखाली होता. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना बाई म्हणू लागले. मी विचारलं, पोलीस किती वाजता येणार?

“का? काही झालंय का?” बाई थबकल्याच.

हॉलमध्ये लहान मुलांच्या खेळण्यांची कपाटं, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा आणि छतापासून लाल-पांढऱ्या-निळ्या पताका. दोन दिवसांनी, ६ तारखेला, चार्ल्स राजाचा राज्याभिषेक होता, त्याची ती सजावट. पताका आचारसंहितेत बसतात का, असं मी विचारणार होते. पण पोलिसांच्या प्रश्नानंतर गप्प बसले. मतदानाचे आडोसे आम्हीच उभे केले. प्रत्येकात दोरीने बांधलेली एक पेन्सिल. शाई नाही, यंत्र नाही, शिक्का नाही. उमेदवाराच्या नावासमोर पेन्सिलीने फुली मारायची, झालं.

सुट्टीही नसते. गुरुवार, कामाचा दिवस, आणि मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. दारूबंदी तर दूरच, हॉल नसलेल्या काही गावांत मतदान केंद्र चक्क पबमध्ये असतं. हे मी वडिलांना फोनवर सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

कोण कशासाठी निवडून येणार, हे समजून घेताना मात्र माझी खरी दमछाक झाली. वरवर पाहिलं तर आपल्यासारखंच आहे. काउंटी म्हणजे जिल्हा परिषद, डिस्ट्रिक्ट म्हणजे पंचायत समिती, पॅरिश म्हणजे ग्रामपंचायत. पण खालचा वरच्याच्या हाताखाली नाही. कचरा डिस्ट्रिक्ट उचलणार, पण रस्त्यातला खड्डा काउंटी बुजवणार. घर बांधायची परवानगी डिस्ट्रिक्टची, शाळा काउंटीची, बसथांब्याचं छप्पर बहुतेक पॅरिशचं. घरपट्टी गोळा करायची डिस्ट्रिक्टने, आणि त्यातला मोठा वाटा द्यायचा काउंटीला. साहजिकच शिव्याही डिस्ट्रिक्टच्याच वाट्याला. त्या वर्षी आमच्याकडे सगळ्यात जास्त बोललं जात होतं ते नॉर्विचहून टिलबरीकडे जाणाऱ्या विजेच्या प्रचंड मनोऱ्यांबद्दल. प्रत्येक पत्रकात ते मनोरे होते. आणि त्यांचा निर्णय यांपैकी एकाही कौन्सिलच्या हातात नाही, तो लंडनला सरकार घेतं.

पत्रकांबद्दल आणखी थोडं. इथे सभा नाही, गाडीवर भोंगा नाही, रात्रीची जेवणावळ नाही. उमेदवार संध्याकाळी एकटाच चालत येतो, दारातून पत्रक टाकतो आणि कुत्रं भुंकायच्या आत निघतो. अनामत रक्कमही नाही. खर्चाची मर्यादा त्या वर्षी ८०६ पौंड अधिक दर मतदारामागे ७ पेन्स, म्हणजे अडीच हजार मतदारांच्या वॉर्डात हजार पौंडांच्याही आत. आपल्याकडे तेवढ्यात गुलालसुद्धा भागायचा नाही. पत्रकावर खांबांचा आलेख हमखास असतो: आमचा खांब उंच, समोरच्याचा जरा कमी, तिसऱ्याचा इतका बुटका की त्याची कीव यावी. खांबांची उंची आकड्यांशी जुळते का ते पट्टी लावून बघावं, करमणूक होते.

आमच्या गावच्या पॅरिश कौन्सिलची निवडणूक झालीच नाही. जागांपेक्षा अर्ज कमी आले. आले तेवढे बिनविरोध, उरलेल्या जागा निवडून आलेल्यांनी नंतर माणसं धरून भरायच्या. हे ऐकून मला आपली २०२१ सालची बातमी आठवली. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, तिथे पदांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली होती. तिकडे बोली लागते, इकडे फुकटात कुणी घेत नाही. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आमच्या पॅरिशच्या मीटिंगांना बसून बघ, मग कळेल.”

सात वाजले. बाईंनी पहिल्या मतदाराला रिकामी पेटी दाखवली, सील लावलं, आणि काम सुरू झालं. नाव-पत्ता विचारायचा, ओळखपत्र बघायचं, यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं, पट्टी धरून नावावर रेघ मारायची आणि दुसऱ्या कागदावर मतपत्रिकेच्या क्रमांकासमोर मतदाराचा क्रमांक लिहायचा. या शेवटच्या पायरीला मी अडखळले. मग मत गुप्त कसं? १८७२च्या कायद्यापासून इथे मतदान गुप्त आहे, पण कोर्टाने हुकूम दिला तर कुठली पत्रिका कुणाला दिली हे शोधता येतं. कागद सीलबंद राहतात, वर्षाने नष्ट होतात. याची कुणाला भीती वाटत नाही, हे मला त्या कागदापेक्षा जास्त नवलाचं वाटलं.

दाराबाहेर खुर्च्या टाकून दोघं बसलेली होती, एकाच्या कोटावर हिरवं फूल, दुसरीच्या निळं. येणाऱ्याला ती त्याचा क्रमांक विचारत. आपले मतदार येऊन गेले का ते ताडायचं आणि न आलेल्यांच्या दारी संध्याकाळी कुणाला तरी पाठवायचं, हा त्यांचा धंदा. मला वाटलं, आता जुंपणार. दुपारी पाहिलं तर दोघं एकाच थर्मासातला चहा पीत होती. हिरव्या फुलवाला जेवायला घरी गेला, तर निळीवालीने त्याच्या वहीत त्याच्यासाठी क्रमांक टिपून ठेवले.

ओळखपत्राचं काय होणार याची बाईंना धास्ती होती. या देशात ओळखपत्र ही चीजच नाही. दुसऱ्या महायुद्धात दिलेली होती, ती १९५२मध्ये रद्द झाली, आणि त्याचा लोकांना अभिमान आहे. पासपोर्ट चालतो, माझा भारतीयसुद्धा चालतो. गाडीचं लायसन्स चालतं, म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो. तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही. म्हाताऱ्यांना चालतं ते तरुणांना का नाही, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलं नाही. आज्या मात्र खूश होत्या. पर्समधून पास काढून, “फोटो फार वाईट आलाय हं,” असं सांगत तो पुढे करायच्या.

अकराच्या सुमारास एक शेतकरी आला. बुटांना चिखल, म्हणून ते त्याने दारात काढून ठेवले आणि मोज्यांवर आत आला. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. बंदुकीचा परवाना होता.

“हा यादीत नाही,” मी म्हटलं.

“फोटो आहे ना त्यावर?”

“आहे.”

“माझाच आहे ना?”

“तुमचाच आहे.”

“पोलिसांनी दिलाय. म्हणजे बंदूक ठेवायला मी चालतो, पेन्सिल धरायला नाही.”

नाही म्हणायचा अधिकार मला नव्हता, तो केंद्राध्यक्षांचा. मी बाईंना बोलावलं. तो त्यांच्याकडे वळला. “तू मला ओळखत नाहीस का?”

“चांगली ओळखते,” बाई म्हणाल्या. “तुझ्या लग्नाला होते मी. लायसन्स घेऊन ये.”

तो बूट घालून गेला. बाईंनी नोंदीचा कागद ओढला, ओळखपत्राविना परत पाठवलेल्यांच्या रकान्यात एक खूण केली आणि बराच वेळ पेन खाली ठेवलं नाही. “चाळीस वर्षं मी लोकांना नावाने हाक मारून मतपत्रिका दिली,” एवढंच बोलल्या.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. व्हिसाच्या रांगेत, बँकेत, घर भाड्याने घेताना, डॉक्टरकडे नाव घालताना, मी या देशात सतत कागद पुढे करत आलेय. इथल्या लोकांना कागद मागायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि सकाळचे पहिले काही तास ती मला आवडलीही. आपल्याकडे बोगस मतदान म्हणजे काय ते वडिलांच्या तोंडून ऐकलेलं, त्यामुळे ओळखपत्र मागण्यात कुणाला राग का यावा हेच कळत नव्हतं. पण ज्या गावात सगळे सगळ्यांना लग्नापासून ओळखतात, तिथे तोतया येणार कुठून? देशभरातसुद्धा दुसऱ्याच्या नावावर मत दिल्याबद्दल शिक्षा झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. आणि त्या एका दिवसात इंग्लंडभर सुमारे १४,००० माणसं ओळखपत्र नाही म्हणून केंद्रावर येऊन मत न देता परत गेली, हा निवडणूक आयोगाचाच आकडा. दारातूनच वळले ते त्यात नाहीत. आमचा शेतकरी त्या १४,०००त नाही. संध्याकाळी दूध काढून झाल्यावर लायसन्स घेऊन आला. बूट पुन्हा दारात काढले.

रात्री दहाला बाईंनी दार लावलं. दिलेल्या पत्रिका, उरलेल्या पत्रिका, खराब झालेल्या पत्रिका. मेळ एकदम बसला. पेटीला सील झालं आणि ती पुन्हा निळ्या मोटारीच्या डिकीत गेली. दुसऱ्या दिवशी मी वडिलांना फोन केला. पोलीस नाहीत, शाई नाही, पबमध्ये मतदान, हे सगळं मागे टाकून त्यांनी विचारलं, “हिशेब जुळला का?” जुळला म्हटल्यावर, “प्रदत्त मत?” म्हणजे ज्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय, त्याचं वेगळं घेतलेलं मत. एकही नाही. “मग चांगली झाली ड्यूटी,” म्हणाले.

निकालाने मात्र बातमी केली. हुजूर पक्षाकडे असलेल्या मिड सफकमध्ये ३४पैकी २४ जागा ग्रीन पक्षाने जिंकल्या. इंग्लंडमधल्या एखाद्या कौन्सिलात ग्रीन पक्षाला बहुमत मिळण्याची ती पहिलीच वेळ. वर्तमानपत्रांनी त्यात हवामानबदल शोधला, केंद्रातल्या सरकारवरचा राग शोधला. तो असेलही. माझ्या मते निम्मं श्रेय संध्याकाळी एकटं चालत येऊन दारातून पत्रक टाकण्याला आहे. ज्यांनी ते वर्षानुवर्षं केलं, त्यांना लोक तोंडाने ओळखत होते. मनोऱ्यांचा निर्णय लंडनलाच व्हायचा होता, त्यात काही बदललं नाही. कचऱ्याचे डबेही पूर्वीच्याच वारी.

पुढच्या वर्षी, २०२४च्या २ मेला, साउथ ऑक्सफर्डशरमधल्या मतदान केंद्रावर बोरिस जॉन्सन मत द्यायला गेले. ओळखपत्राचा कायदा झाला तेव्हा पंतप्रधान तेच होते. ओळखपत्र विसरले होते, म्हणून केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना परत पाठवलं. ते घेऊन आल्यावरच मत देता आलं. मी ती बातमी बाईंना पाठवली. त्यांचं उत्तर लगेच आलं: “नोंदीच्या कागदावर ‘नंतर परत आले’ हा रकाना भरायला विसरले नसतील ना?”