कशानं बंद पडेल?

2013 च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक विद्युत केंद्र पूर्ण बंद करावं लागलं. तेव्हा त्याची क्षमता 1,130 मेगावॅट होती. इतकं मोठं केंद्र थांबलं ते पाण्यावाचून. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नव्हतं. 2015 च्या जुलैत पुन्हा तेच झालं. वाफेवर चालणाऱ्या यंत्राला पाणी लागतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी ते केंद्र उभं आहे मराठवाड्यात, जिथं पाऊस चुकला की पहिला तुटवडा पाण्याचाच पडतो. बॉयलरच्या देखभालीत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला त्यानं एक सवय लावली. नवीन यंत्र दिसलं की ते कसं चालतं हे मी मागाहून विचारतो. आधी विचारतो, हे कशानं बंद पडेल?

निवृत्तीनंतर ही सवय अनपेक्षितपणे कामाला आली. स्वच्छ ऊर्जेचं काहीतरी करू पाहणारी मुलं माझ्याकडे येतात. कुणी सौर पंपाचा कंट्रोलर बनवतं, कुणी शेणावरचा गॅस, कुणी भाजीपाला थंड ठेवायची पेटी. त्यांच्या कागदपत्रांत माझ्या नावापुढे 'मेंटॉर' असं लिहिलेलं असतं. जन्मभर कोळसा जाळलेला माणूस आता कोळसा बंद करायला निघालेल्या पोरांचा मार्गदर्शक, यावर घरात पुष्कळ हसून झालंय.

या मुलांना मार्गदर्शक कमी नसतात. पुण्या-मुंबईची अनुभवी मंडळी दर आठवड्याला स्क्रीनवर भेटतात. बाजार किती मोठा, पाच वर्षांनी उलाढाल किती, गुंतवणूकदारापुढे दहा मिनिटांत काय मांडायचं, हे ती शिकवतात. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पैसे उभे करायचे तर ते यावंच लागतं. आणि पैसे आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिले नाहीत. केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून पहिला नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत मिळतात, स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडातून 20 लाखांपर्यंत. नमुना तयार होतो, फोटो निघतात, कधीकधी बक्षीसही मिळतं. पुढे तो नमुना केजच्या किंवा वडवणीच्या एखाद्या रानात नेऊन ठेवला की तिथं जे सुरू होतं, त्याबद्दल स्क्रीनवर कुणी बोलत नाही.

पऱ्हाटीचं उदाहरण सांगतो. गेवराईकडची दोन मुलं कापसाच्या पऱ्हाटीपासून पांढरा कोळसा, म्हणजे कुट्टी दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, करायचं घेऊन आली. कल्पना चांगलीच होती. आपल्याकडे कापूस उदंड, वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवून द्यायची रीत, आणि गुलाबी बोंडअळी आल्यापासून तर कृषी खातंही पऱ्हाटी रानात उभी ठेवू नका म्हणून मागे लागलेलं. त्यांच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर होतं, 'कच्चा माल : फुकट'.

"कुणी सांगितलं फुकट?" मी विचारलं.

"सर, शेतकरी जाळूनच टाकतेत की."

जाळतात खरं, पण सगळी नाही. थोडी घरी चुलीसाठी येते, थोडी कुंपणाला जाते. राहिलेली 'फुकट न्या' म्हणणारा शेतकरी पुढचं वाक्य मनात ठेवतो, ते असं की रान मोकळं करून द्या. म्हणजे उपटणी आपली. चिमट्यानं एकेक झाड उपटायला माणसं लागतात, आणि ती लागतात नेमकी जानेवारीत. जानेवारीत बीड जिल्ह्यात माणसं कुठं असतात? दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले असतात, ते मार्च-एप्रिलात परततात. धारूर, पाटोदा, शिरूरकडच्या वाड्या-तांड्यांवर त्या दिवसांत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं तेवढी दिसतात. मुलांनी त्यांची पहिली चाचणी डिसेंबर ते फेब्रुवारी अशी आखली होती. ती मुलं याच जिल्ह्यातली, लहानपणापासून हे पाहिलेली, तरी आराखड्यात ते आलं नव्हतं, कारण आराखड्याचा तक्ता बाहेरून आला होता आणि त्यात गावाचं वेळापत्रक लिहायला रकानाच नव्हता. बचत गटाच्या बायकांच्या हाती यंत्र द्यायच्या योजना मी इथं पाहिल्या आहेत, त्यांतही यंत्र पोचतं नोव्हेंबरात आणि गटातल्या अर्ध्या बाया फडावर असतात.

दुसरी गोष्ट वजनाची. पऱ्हाटीनं भरलेली ट्रॉली डोंगराएवढी दिसते, पण वजनकाट्यावर नेली की तोंड पडतं. काडी आणि काडी यांच्यामध्ये नुसती हवा. डिझेल जाळून आपण वीस किलोमीटर हवा वाहून आणतो. म्हणून कुट्टी रानातच व्हायला पाहिजे. पुण्याच्या आरती संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, उसाच्या पाचटाचा कोळसा करताना हेच केलं होतं. फिरती भट्टी त्यांनी फडात नेली, पाचट भट्टीकडे आणलं नाही. त्या कामाला 2002 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मुलांना पुरस्काराचं माहीत होतं, भट्टी फिरती का होती याचा विचार त्यांनी केला नव्हता.

मग तिसरी गोष्ट, माझ्या आवडीची. ती मुलं एकदा पिशवीतून प्रेसचा डाय घेऊन आली. थोडेच दिवस चालवलेला. मी आतून नख फिरवलं तर नख खाचेत अडकलं. पऱ्हाटी मुळासकट उपटली की मुळाला काळी माती चिकटून येते, मातीत बारीक खडी असते, आणि त्या दाबाखाली ती खडी पोलाद कोरत जाते. राखेनं खाल्लेल्या बॉयलरच्या नळ्या मी आयुष्यभर बदलल्या, त्यामुळे ही खूण ओळखायला मला चष्मा लागला नाही. मुळं तोडून टाकायची, झटकायची, की डायला कठीण धातूचा अस्तर-तुकडा बसवायचा? हे तिन्ही करता येतं, तिन्हीला खर्च आहे. कुठलं करायचं ते मी सांगितलं नाही. त्यांनी मुळाच्या वर कापायचं ठरवलं. मी असतो तर डाय बदलला असता. पण मुळाच्या वर कापायचं तर वाकून उपटायचीही गरज नाही, चालत्या यंत्रानं काम होतं, आणि मजुरांचा प्रश्नही अर्धा हलका होतो. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बोंडअळीसाठी खोडकी नांगरून काढावी लागते, ते मात्र शेतकऱ्याशी आधी बोलून घ्या, एवढं मी म्हणालो.

जुन्या माणसाला इथंच स्वतःला आवरावं लागतं. हात शिवशिवतात. पाना घ्यावा आणि करून दाखवावं असं वाटतं. मी मी म्हणणारे इंजिनिअर मेंटॉर झाले की वर्षभरात त्या पोरांच्या यंत्राचं स्वतःचं यंत्र करून टाकतात, आणि पोरं नुसती 'हो सर' करत बसतात. पुढे ते यंत्र रानात बंद पडलं की दुरुस्त करायला सर जाणार नसतात.

माल तयार झाल्यावर तो घेणार कोण, हा प्रश्न वेगळा. मुलं जिनिंगच्या, तेलगिरणीच्या मालकांना भेटून आली. मालक खूश, दगडी कोळशापेक्षा स्वस्त पडतोय म्हणून. मी म्हटलं, फायरमनला भेटलात का? भेटले नव्हते. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश जास्त. ती राख कमी तापमानाला मऊ होते, जाळीवर चिकटते आणि क्लिंकर, म्हणजे दगडासारखा थर, धरते. मग पाळीवरच्या माणसाला लोखंडी सळई घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभं राहून ते फोडावं लागतं. मालकानं कितीही ऑर्डर दिली तरी फायरमन दोन पाळ्यांत निकाल लावतो, "साहेब, ह्या मालानं वाफ धरंना." खरेदीचा निर्णय तिथं होतो. तेव्हा हवा किती सोडायची, थर किती जाड ठेवायचा, राख केव्हा ओढायची, हे त्याच्याशेजारी एक रात्रपाळी उभं राहून ठरवा, असं सुचवलं. मुलं राहिली. सकाळी आली तेव्हा भुवया करपल्या होत्या आणि वही भरली होती.

माल घेणार कोण, या प्रश्नावर एका मोठ्या कामानं आपली दिशा बदलली, आणि ते सुरू करणारा माणूस आमच्या अंबाजोगाईचा आहे. वैभव तिडके मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकले आणि सोबत्यांबरोबर विजेशिवाय चालणारं सौर वाळवणी यंत्र त्यांनी काढलं. 2013 मध्ये त्याला डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंजचा पुरस्कार मिळाला. पण कांदा-टोमॅटो वाळवून झाल्यावर शेतकऱ्यानं तो विकायचा कुठं? गावच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. नुसतं यंत्र विकून हे भागणार नव्हतं. मग त्यांच्या एस फोर एस कंपनीनं यंत्र गावातल्या महिलांच्या हाती दिलं, वाळवलेला माल स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली आणि तो खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना पुरवला. 2023 साली या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना त्या पुरस्काराचं वेड आहे. मी त्यांना यंत्र विकणाऱ्या कंपनीनं शेवटी कांदा का विकायला घेतला, एवढंच वाचून यायला सांगतो.

बाकी शिकवायला मी कधीकधी त्यांना वायंडिंगच्या दुकानात नेऊन बसवतो. आमच्याकडे प्रत्येक बाजारपेठेच्या गावात रस्त्याला जळलेल्या मोटारींची रांग लावलेलं असं एखादं दुकान असतंच. सौर पंपाच्या कंट्रोलरवाल्या मुलीला तिथं नेलं. मिस्त्रीनं झाकण उघडलं, कार्ड पाहिलं, हवा जायच्या जाळीतून बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, ह्यात पाल गेली तर?" ती माझ्याकडे बघायला लागली. पाल जाते. उबेला पाली, मुंग्या, गांधीलमाश्या सगळं आत जातं आणि दोन टोकांना शिवलं की कार्ड जळतं. नंतर त्यानं विचारलं, "कार्ड मिळतंय कुठं? किती दिवसांत?" ती म्हणाली, पुण्याहून, आठवड्यात. "आठवड्यात कांदा वाळून जाईल की." प्रयोगशाळेत धूळ आणि उष्णतेची चाचणी झाली होती, पालीची नव्हती. तिनं जाळी बारीक केली, कार्ड सुटं काढता येईल असं बसवलं, आणि त्या मिस्त्रीकडे दोन कार्डं कायमची ठेवली.

बीडमध्ये अशी माणसं जागोजागी आहेत. परळीतून निवृत्त झालेले फिटर, साखर कारखान्यांचे पॅनमन, जिनिंगचे फोरमन, एसटी डेपोतले मेकॅनिक. कुठलं यंत्र कुठल्या महिन्यात कशानं थांबतं हे त्यांना पाठ आहे. इन्क्युबेटरच्या मार्गदर्शकांच्या यादीत त्यांचं नाव नसतं, आणि त्यांना चहा पाजून सल्ला घ्यायची पद्धत मला पटत नाही. एक तास दुकान बंद ठेवलं तर त्यांचा एक तास बुडतो. कंट्रोलरवाल्या मुलीच्या अनुदानात तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी रक्कम होती, मी म्हटलं त्यातून मिस्त्रीला पैसे दे. तिनं रीतसर बिल लावलं. ते वरून परत आलं, तज्ज्ञाची शैक्षणिक पात्रता जोडा म्हणून. मिस्त्री म्हणाला, "लिहा ना, नववी पास." तिनं तसंच लिहिलं आणि खाली त्याच्या सांगण्यावरून कंट्रोलरमध्ये केलेल्या बदलांची यादी जोडली. बिल पास व्हायला उन्हाळा उजाडला.

गेवराईच्या मुलांचं सध्या अडलंय ते साठवणीवर. पऱ्हाटी मिळते जानेवारी-फेब्रुवारीत, गिऱ्हाईकाला माल लागतो बाराही महिने, आणि जूनचा पहिला पाऊस कुट्टीच्या ढिगावर पडला की ओल धरते, मग प्रेसमध्ये वाफ कोंडून कांडी तडकते. शेड बांधायचं तर भांडवल अडकतं, माल आधीच करून ठेवायचा तर व्याज चढतं. पावसाळ्यात तुराट्या आणि बगॅसवर भागेल का, याचा हिशेब त्यांनी मांडायला घेतलाय. बगॅस कारखाने स्वतःच जाळतात, तेव्हा त्याचा भाव आधी विचारून या, असं सांगून मी त्यांना माजलगावच्या साखर कारखान्यावर पाठवलंय.