तिसऱ्या वर्तुळाबाहेरची माणसं

माझ्या संशोधनाचं मुख्य साधन म्हणजे एक कागद. त्यावर एकात एक तीन वर्तुळं आणि मधोमध 'मी'. ज्यांच्यावाचून जगण्याची कल्पनाच करवत नाही ती माणसं पहिल्या वर्तुळात लिहायची, थोडी लांबची दुसऱ्यात, त्याहून लांबची तिसऱ्यात. रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये 'कॉन्व्हॉय'ची कल्पना मांडली, तिच्यातलं हे साधन. माणूस एकटा म्हातारा होत नाही, सोबतीचा तांडा घेऊन होतो, असं त्यांचं म्हणणं.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची 'आयपीएच' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९०पासून आहे, तिथे मानसशास्त्र म्हटलं की सहसा कुणी बिचकत नाही. मी हा कागद घेऊन ज्येष्ठांकडे जाते त्या डोंबिवलीत मात्र "डोकं तपासायला आलीस का?" हे ठरलेलंच!

पहिलं वर्तुळ पटापट भरतं. बायको, मुलगा, सून, परदेशातली लेक. दुसऱ्यात भावंडं, व्याही. एका काकांनी तिसरं मोकळंच ठेवलं. मग चहा आला आणि काका लोकलवर घसरले. सकाळची ठरलेली फास्ट, ठरलेला डबा, आळीपाळीने बसणं, दसऱ्याला डब्यात पूजा, रिटायर होणाऱ्याला शाल-श्रीफळ.

"मग यांची नावं?"

"छे गं, ते ग्रुपवाले. त्यांची घरं कुणी पाहिलीत?"

स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन सांगतात, की पुढचा काळ मोजका वाटू लागला की माणसं आपणहून ओळखी कमी करतात, जवळच्यांपाशी थांबतात आणि त्यात समाधानी असतात. हे मला बरंचसं पटतं. पण पास संपला म्हणून सुटलेला ग्रुप काकांनी थोडाच सोडला होता? कॅरेन फिंगरमन आणि मेलिंडा ब्लाऊ यांनी २००९ मध्ये अशाच वरवरच्या वाटणाऱ्या ओळखींवर पुस्तक लिहिलं. मला ते डोंबिवलीवरच लिहिल्यासारखं वाटतं.

बायकांची अडचण वेगळी. पुरुषांना निदान कट्टा असतो. बायकांचं बोलणं जिन्यात, दारात, भाजी घेताना होतं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की हे सगळं एकदम जातं.

हल्ली कागद भरून झाला की मी तो उलटा करते आणि विचारते, गेल्या आठवड्यात कुणाकुणाशी बोललात? एका काकूंनी भाजीवाली, मेडिकलवाला, देवळातल्या दोघी अशी नावं लिहिली. सगळी जुन्या गल्लीतली. नव्या भाड्याच्या घराखालीच भाजी मिळते, तरी त्या रिक्षाने तिकडे जातात. सुनेला सांगणार नाहीस ना, असं विचारून त्यांनी मला रिक्षाचं भाडं सांगितलं. भाजीपेक्षा जास्त होतं.