बिनउंबऱ्याची न्हाणी

मराठी लेखकांनीं घराच्या बहुतेक भागांचें ऋण फेडलें आहे. ओटीवर त्यांनीं गप्पा रंगविल्या, माजघरांत बायकांचीं सुखदुःखें ऐकिलीं, देवघरांत समई लावली, आणि परसांतल्या विहिरीवर तर कित्येक नायिकांना पाणी भरावयास लाविलें. न्हाणीकडे मात्र फारसें कोणी वळलें नाहीं. हा सभ्यपणाही असेल. पण या उपेक्षित जागेनें असा एक मान मिळविला आहे कीं तो ओटीला किंवा माजघराला मिळाला नाहीं. जमिनीवरील सांडपाणी वाहून नेणारें व नळींतली दुर्गंधी वर येऊं न देणारें जें भांडें असतें, त्याला आपल्याकडील इंजिनिअर इंग्रजींतसुद्धां ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपला शब्द साहेबी भाषेंत जाऊन बसला. आणि गंमत अशी कीं, इकडे आम्ही घरच्या न्हाणीला ‘बाथरूम’ म्हणूं लागलों.

आमच्या वणीच्या घराची जुनी न्हाणी स्वयंपाकघराच्या मागें, परसदारालगत होती. खालीं ताशीव दगड, कोपऱ्यांत चूल आणि चुलीवर तांब्याचा हंडा. अंगावरून ओघळलेलें पाणी पन्हळींतून जाई तें थेट अळवाच्या वाफ्यांत. ती न्हाणी गळते कीं काय, हा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं, कारण पाणी कोठें जातें हें सर्वांना दिसत होतें. पुढें न्हाणी घराच्या पोटांत शिरली, चार भिंतींनीं तिला वेढलें, पाणी जमिनीखालीं नाहींसें होऊं लागलें, आणि तेव्हांपासून आमचे व पाण्याचे संबंध बिघडले. वीस वर्षांपूर्वीं एका कंत्राटदारानें जुन्या दगडांवरच भर घालून वर चकचकीत लाद्या बसवून दिल्या. जमीन वर आली. म्हणून दारांत पाणी अडविण्यास वीतभर उंचीचा कट्टा आला. दोन पावसाळे झाले नाहींत तोंच पलीकडच्या धान्याच्या खोलींत भिंतीचे पोपडे सुटूं लागले. आमच्या भिंती मातीच्या. दिव्याच्या वातींत तेल चढावें तशी मातींत ओल चढते, आणि ओलावलेली भिंत आपला भार किती दिवस सोशील याचा भरंवसा नसतो.

तरीही घर पडेल या भीतीनें आम्ही हालचाल केली, असें म्हणतां येणार नाहीं. ओल बरींच वर्षें तेथें होती आणि आम्हीही होतों. हालचाल झाली ती आईमुळें. आईचें वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वीं तिचें खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेनंतर ती काठीच्या आधारानें चालूं लागली, पण तो वीतभर कट्टा तिला ओलांडवेना. जिनें तरुणपणीं सप्तशृंगीच्या गडावरच्या पायऱ्या नवरात्रांत अनवाणी चढल्या, तिची ही गत! गडावर २०१८ सालीं फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पाय थकलेल्या भक्तांची सोय झाली. देवीनें आपल्या दारची चढण अशी सोपी करून दिली. आमच्या न्हाणीचा कट्टा मात्र जागचा हलला नव्हता. माझ्या पत्नीनें एकदां सुचविलें कीं, माजघरांत खुर्चीवर बसवून आपण आईंना स्नान घालूं. आई म्हणाली, “मला दुसऱ्यांनी न्हाऊ घालायचा एक दिवस येणारच आहे. त्याला आजच कशाला बोलावतां?” यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

कट्टा काढा, म्हणणें सोपें आहे. पण कट्टा काढला म्हणजे पाण्याला घर मोकळें झालें. तो नसावा आणि पाणीही बाहेर येऊं नये, अशी इच्छा असेल तर न्हाणीची जमीन आधीं खालीं न्यावी लागते, म्हणजे थर चढवून झाल्यावर ती बाहेरच्या जमिनीच्या पातळींत येते. शिवाय दारापासून मोरीपर्यंत अखंड ढाळ पाहिजे. फुटाला पाव इंच, म्हणजे पांच फुटांना सव्वा इंच. याहून कमी दिला तर पाणी रेंगाळतें, फार दिला तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो.

आमच्याकडे जे वृद्ध गवंडी आले त्यांनीं पहिल्याच दिवशीं एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटली. लादी पाणी अडवीत नाहीं. लादींतून पाणी जात नसलें तरी दोन लाद्यांमधल्या सांध्यांतून तें झिरपतेंच. म्हणून खरी न्हाणी लादीच्या खालीं असते. तेथल्या कोब्यालाच ढाळ पाहिजे, त्यावरच लेप पाहिजे, आणि तो लेप भिंतीवर हातभर चढवून मोरीच्या भांड्याच्या तोंडांत उतरवावयास पाहिजे. जमीन व भिंत मिळतात तो कोपरा काटकोनी ठेवायचा नाहीं. मसाल्यानें गोल भरायचा, कारण लेप फुटतो तो तेथेंच. पूर्वीच्या कंत्राटदारानें सारा ढाळ लादीला दिला होता आणि खालचा थर सपाट होता. वरून चकाकणाऱ्या त्या जमिनीच्या पोटांत वीस वर्षें डबकें साचलें होतें.

ही विद्या तशी जुनी आहे. नुसता चुना हवेंत घट्ट होतो, पाण्याखालीं होत नाहीं. पण त्यांत भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली कीं तो पाण्यांतही आवळतो. रोमन लोक आपल्या हौदांना व स्नानगृहांना फुटक्या कौलांची पूड घातलेला चुना लावीत. आपले लोक चुन्यांत गूळ, बेलफळ आणि हिरड्याचें पाणीही घालीत. १८२४ सालीं लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, आणि हळू हळू चुन्याच्या घाण्या थंडावल्या. आतां तर डब्यांत भरलेले लेप मिळतात. आमच्या गवंड्यांनीं दोन्ही पंथांचा मान राखला: खालीं विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर डब्यांतला लेप, आडवा एक हात आणि उभा एक हात.

काम निघालें तें नेमकें पौषांत. त्या दिवसांत निफाडचा पारा पांच अंशांच्याही खालीं जातो आणि द्राक्षबागाईतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवितात. वणीही त्या गारठ्यापासून फारशी दूर नाहीं. आईला घाई होती. गवंडी म्हणाले, “काकू, थंडीत सिमिट आळशी होतं. त्याला उठवायला गेलं की ते तडकतं.” म्हणून कोब्यावर नेहमींपेक्षां जास्त दिवस पाणी मारलें, आणि तो पुरता सुकल्यावांचून त्यांनीं लेपाचा डबा उघडूं दिला नाहीं. जेथें बर्फ पडतो तेथें भिंतींत शिरलेलें पाणी गोठून फुगतें आणि लाद्या उचलतें म्हणतात. आमच्याकडे थंडीची खोडी एवढीच कीं, कढत पाण्याची वाफ गार भिंतींवर दंवासारखी बसते आणि छताला बुरशी धरते. त्यासाठीं उंचावर एक लहानशी खिडकी काढून घेतली.

मग परीक्षा. मोरीचें तोंड बांधून न्हाणींत पाणी भरायचें आणि दोन दिवस तसेंच ठेवायचें. पण दारांत कट्टाच नाहीं, तर पाणी राहणार कसें? गवंड्यांनीं विटा आणि चिखल यांचा तात्पुरता बांध घातला. ज्या कट्ट्यासाठीं एवढें रामायण झालें, तो अशा रीतीनें दोन दिवसांपुरता पाहुणा म्हणून परत आला! भिंतीवर पेन्सिलीनें रेघ ओढली. रात्रीं दोन वेळां उठून, हातांत बॅटरी घेऊन मी धान्याच्या खोलींतली भिंत चांचपून पाहिली. ती गार होती. आणि पौषांतली गार भिंत व ओली भिंत यांतला भेद बोटांना लवकर कळत नाहीं. शेवटीं मीं तिला टीपकागद लावला. तो कोरडाच निघाला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं रेघेजवळ पाणी नांवालाच उतरलें होतें. तेवढें हवेनें प्यालें असेल, असें गवंडी म्हणाले, आणि त्यांनीं पायानेंच बांध मोडला.

लाद्या खरखरीत घेतल्या, भिंतीला धरावयास दांडा बसविला, मुलांच्या हौसेनें फवाराही आला. आई त्याला ‘झारी’ म्हणते आणि त्याच्या खालीं जात नाहीं. ती स्टुलावर बसून घंगाळांतून तांब्यानेंच पाणी घेते. एकच वाद राहिला. डॉक्टरांनीं दाराची आंतली कडी काढावयास सांगितली. आंत पडल्यास दार फोडावें लागूं नये म्हणून. आईला तें मुळींच रुचलें नाहीं. चार दिवस अबोला झाला. नंतर तिनें आपणच तोड काढली: आंत जातांना ती धुवट लुगडें दारावर टाकते. तें दिसलें कीं घरांतलीं सर्व माणसें, नातवंडेंसुद्धां, परसाच्या बाजूनें वळसा घालून जातात.