दाद

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी सांधा धरायला लागला, त्याला आता दीड वर्ष होईल. पहिलं पान कसंबसं निघतं, दुसऱ्या पानावर अक्षर लोळायला लागतं. सगळे मसुदे तोवर मी हातानंच लिहिले. आता मी सांगतो आणि ज्युनियर टाइप करते. ती धमध्याकडची, घरी छत्तीसगढी बोलणारी, कमी बोलणारी.

गेल्या हिवाळ्यात वीजदराच्या याचिकेवरची हरकत सांगत होतो. वीज कायद्याच्या कलम 64 प्रमाणे लोकांच्या हरकती विचारात घेऊनच वीज नियामक आयोगाला 120 दिवसांत दर ठरवावे लागतात, त्यामुळे तारखा अंगावर येतात. दोन तास मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. वस्तुस्थिती झाली, कायद्याचे आधार झाले, अक्षय ऊर्जेचं 86(1)(ई) झालं. मागणीच्या कलमाशी आलो आणि म्हणालो, "बाकी वही डाल दो जो रहता है."

तिची बोटं थांबली. "वही मतलब क्या, सर?"

मला लगेच सांगता आलं नाही.

नेहमीचं म्हणजे काय ते प्रत्येक वकिलाला पाठ असतं. अर्ज मंजूर व्हावा, योग्य ती पावलं उचलण्याचे निर्देश व्हावेत, आणि न्यायाच्या दृष्टीनं उचित वाटेल तो अन्य आदेश व्हावा. अडतीस पानं पोटतिडकीनं लिहायची आणि शेवटी समोरच्यालाच म्हणायचं, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. हे मी पंचवीस वर्षं करत आलो.

इथल्या हिंदीत त्या कलमात जे मागतात त्याला अनुतोष म्हणतात. आपण मराठीत न्यायालयात दाद मागतो, आणि गाण्याच्या बैठकीत जागा चांगली घेतली की तिथेही दादच देतो. त्या रात्री हा शब्द डोक्यातून जाईना. माझी अडतीस पानं ज्या दादेसाठी लिहिलेली होती, ती गाण्याच्या बैठकीतली होती. न्यायमूर्तींनी एखादा परिच्छेद मोठ्यानं वाचला, आदेशात माझी शब्दरचना जशीच्या तशी उतरली, की मला आठवडाभर पुरायचं. अशा आदेशांच्या प्रती आणि वर्तमानपत्रांची कात्रणं मी एका निळ्या फायलीत ठेवली आहेत. ती फाईल अशिलांच्या कागदांपेक्षा नीट लावलेली आहे.

याची किंमत कोणी दिली तेही सांगतो. एका वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाशेजारच्या गावची बाई माझ्याकडे आली होती. स्टीलच्या ताटात वाळत घातलेल्या उडदाच्या बड्या तिनं टेबलावर ठेवल्या. वरून करड्या, उलटल्या की पांढऱ्या. एक बडी तिनं बोटांनी फोडली आणि आतला पांढरा चुरा माझ्या कागदावर पडला, काही न बोलता. मी त्या बडीवर दीड पान लिहिलं. सुंदर लिहिलं. मागितली मात्र योग्य ती पावलं. आदेश झाला, अर्ज मंजूर, आणि दिवसातून दोनदा टँकरनं पाणी शिंपडायचं ठरलं. पाणी सुकलं की राख पुन्हा उडते. आम्ही जिंकलो होतो, त्यामुळे तक्रारीला तोंड राहिलं नाही.

या कामातली अडचण खरं तर इथेच आहे, आणि मी तिच्याभोवती वर्षानुवर्षं फिरतो आहे. 'थांबवा' अशी दाद मागता येते. 'उभं करा' अशी दाद कशी मागायची? हसदेव अरण्यात बिलासपूरच्या सुदीप श्रीवास्तव यांनी परसा ईस्ट केते बासन खाणीच्या वनमंजुरीला हरित न्यायाधिकरणात आव्हान दिलं. 24 मार्च 2014 ला न्यायाधिकरणानं ती रद्द करून फेरविचाराला पाठवली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवण्याच्या निर्देशाला स्थगिती दिली आणि कोळसा निघत राहिला. तरी ती मागणी स्पष्ट होती, तिला हो किंवा नाही म्हणता येत होतं. कोळशाऐवजी काय, हा प्रश्न घेऊन गेलं की ऐकावं लागतं, हा धोरणाचा भाग आहे, सरकारकडे जा.

भिलाईत राहून मला हे आधी कळायला हवं होतं. 28 सप्टेंबर 1991 ला कामगारनेते शंकर गुहा नियोगींना याच गावात झोपेत गोळी घातली गेली. त्यांच्या संघटनेची घोषणा 'संघर्ष और निर्माण' अशी होती. दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी संप केले आणि 1983 मध्ये स्वतःच्या पैशांनी आणि हातांनी शहीद अस्पतालही उभं केलं. आम्ही वकिलांनी घोषणेचा पहिला शब्द तेवढा उचलला.

शिवाय माझा पायही याच कोळशात आहे. बाबा भंडाऱ्याहून आले ते इथल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर लागले. माझ्या शाळेची फी, आईची औषधं, सेक्टरमधलं क्वार्टर, सगळं त्या भट्टीतून आलं. सकाळी त्यांच्या रुमालावर काळं असायचं. म्हणून 'कोळसा बंद करा' असं लिहिताना माझा हात अंगठा दुखायच्या आधीपासून अडखळतो.

दिल्लीहून विमानानं येणारे काही वकील घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदावर तासभर बोलतात. 21 मार्च 2024 च्या रणजितसिंह निकालात सर्वोच्च न्यायालयानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला, तेव्हापासून तर तो परिच्छेद प्रत्येक याचिकेत असतो. माझ्याही. पण तो निकाल माळढोकाच्या प्रकरणातला आहे. त्या पक्ष्याच्या अधिवासातल्या वीजवाहिन्या जमिनीखाली घालण्याचा 2021 चा सरसकट आदेश त्यात मागे घेतला गेला. माळढोकासाठी राखलेला नान्नजचा माळ ज्यांना माहीत आहे, त्यांना तो परिच्छेद निर्धास्तपणे उद्धृत करता येणार नाही. मला येत होता, याची आता लाज वाटते.

त्यापेक्षा मला पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेची रीत थोर वाटते. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या वेळी गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करार उघडून युनिटमागे किती पडेल ते मांडलं. आकडा मांडला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. 2015 मध्ये हिंदुस्थान झिंकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःपुरती वीज करणाऱ्या कारखान्यांवरही अक्षय ऊर्जेचं बंधन कायम ठेवलं. ते मोजता येतं, कारण ते टक्क्यांत आहे.

ज्युनियरनं दुसऱ्या दिवशी मागणीचं कलम स्वतः लिहून आणलं. एवढंच होतं: कोळशाच्या वीजखरेदीचा नवा दीर्घ करार मंजुरीला आला की आयोगानं त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घालावा, आणि संध्याकाळच्या तासांसाठी बॅटरीसह सौर विजेचा दर त्यात लिहायला लावावा. बाजूला तिनं राजनांदगावचा दाखला जोडला होता. 100 मेगावॉट सौर, सोबत 40 मेगावॉटची, 120 मेगावॉट-तासांची बॅटरी. म्हणजे सूर्य मावळल्यावर तीन तास. दिव्याची वेळ नेमकी तीच.

मला ते फार छोटं वाटलं. रकाना? त्यासाठी का मी वकील झालो? मी पेन्सिल घेतली आणि दुखऱ्या हातानं वर हक्कांचा एक परिच्छेद घातला. तिनं तो टाइप केला, पण मागणीच्या कलमाला हात लावू दिला नाही. रकाना आदेशात घालता येतो आणि घातला की दर वेळी भरावा लागतो, हे मला पटायला आठवडा गेला.

रायपूरच्या जनसुनावणीत आयोगाच्या सदस्यांनी विचारलं, नेमकं हवं काय? तिनं एका वाक्यात सांगितलं. सदस्यांनी मान खाली घालून काही लिहून घेतलं. माझा परिच्छेद कोणी वाचला नाही. मी मागच्या रांगेत होतो. परतताना कुम्हारी येईपर्यंत मी गप्प होतो, आणि ते गप्प राहणं मत्सराचं होतं. माझ्या एवढ्या सुनावण्यांत समोरच्या माणसानं असं काही लिहून घेतल्याचं मला आठवेना.

चरोदा मागे पडल्यावर तिनं विचारलं, "सर, कॉलम की हेडिंग में टाइम भी लिख दें? छह से दस?"

आदेश अजून यायचा आहे. लेखी युक्तिवाद शुक्रवारी द्यायचा होता. मी म्हटलं, लिही.